बटणांच्या फोनवरून स्मार्टफोनवर जाताना रिचार्ज कसा निवडावा: आधी काय, नंतर काय

नाशिकरोडला आमच्या इमारतीत आणि निफाडकडे माहेरच्या गावी कुणाचा फोन बदलायचा असला की मला हाक येते. त्यात एकच चूक वारंवार दिसते. लोक आधी फोन घेतात, मग दुकानदार सांगेल तो रिचार्ज मारतात. घरात नेट चालतं का, सिम चालेल का, आपल्याला नेट लागतं किती, हे प्रश्न त्यानंतर पडतात. तोवर पैसे गेलेले असतात.

माझ्या आत्याचं असंच झालं. द्राक्षाचे पैसे हातात आले, तिने तालुक्याला जाऊन फोन घेतला आणि दुकानदाराने तिथेच वर्षभराचा पॅक टाकून दिला, रोज 2 जीबीचा. घरी आली तर स्वयंपाकघरात नेट चालेना. जुन्या फोनवर त्याच कंपनीचा कॉल घरभर लागायचा, म्हणून तिला शंका आली नव्हती. कॉल जुन्या 2जीवर लागत होता, नेटला मात्र 4जी हवं होतं आणि ते भिंतींच्या आत येत नव्हतं. पुढचे कितीतरी महिने ती नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला अंगणात तुळशीपाशी जायची, उन्हात पदर डोक्यावर घेऊन, एका हाताने स्क्रीनवर सावली धरून. कंपनी बदलावी तर वर्षाचे पैसे बुडणार, म्हणून तिने तसंच निभावलं.

हे टाळता येतं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

आधीची तयारी: एक कागद आणि अर्धा तास

बटणांचा फोन चालू असतानाच या गोष्टी लिहून काढा:

- सध्याचा रिचार्ज किती रुपयांचा, किती दिवसांचा आणि कोणत्या तारखेला संपतो.
- या नंबरशी काय काय जोडलेलं आहे: बँक खातं, आधार, गॅस, वीजबिल, पेन्शन, शाळेचा ग्रुप.
- दिवसातला जास्त वेळ कुठे जातो: घरात, शेतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यात की गाडीत.
- घरी किंवा कामाच्या जागी वायफाय आहे का. निवडीत सगळ्यात जास्त फरक याच उत्तराने पडतो.
- महिन्याला जास्तीत जास्त किती रुपये घालायचे. हा आकडा दुकानात जायच्या आधी ठरलेला असावा.

नावं आणि नंबरही आत्ताच सांभाळा. जुन्या फोनमध्ये ते सिमवर असतात किंवा फोनच्या मेमरीत. मेमरीतले असतील तर ब्लूटूथने नव्या फोनवर पाठवता येतात किंवा मेनूमधून सिमवर उतरवता येतात, पण सिमवर साधारण अडीचशेच मावतात आणि लांब नावं तुटतात. दहा-पंधरा अगदी महत्त्वाचे नंबर कागदावरही लिहा.

टप्पा 1: नंबर कोणाच्या नावावर आहे ते बघा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. दहा-बारा वर्षांपूर्वी पुतण्याने, शेजाऱ्याने किंवा मुकादमाने आपल्या कागदपत्रांवर सिम काढून दिलेलं असतं. बटणांच्या फोनवर काही अडत नाही. पण सिम बदलायचं किंवा कंपनी बदलायची म्हटली की ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच हजर राहावं लागतं. पतीच्या नावावर नंबर आहे आणि ते हयात नाहीत, अशा बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यांना काउंटरवरून परत पाठवलं जातं.

कंपनीच्या स्वतःच्या दालनात (आपण ज्याला गॅलरी म्हणतो) जाऊन नाव विचारा. नंबर दुसऱ्याच्या नावावर असेल तर तो आधी आपल्या नावावर करून घ्या. मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा सोबत न्या.

तपासा: आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळवता येतो.

टप्पा 2: रेंज घरात तपासा, दुकानात नाही

एम. जी. रोडवरच्या दुकानात सगळ्याच कंपन्यांचं नेट पळतं. आपल्याला ते चालायला हवं सिडकोच्या गल्लीतल्या तळमजल्यावर, दिंडोरीच्या मळ्यात किंवा हर्सूल-पेठच्या डोंगराळ भागात, जिथे एका वळणावर रेंज असते आणि पुढच्या वळणावर नसते.

शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे स्मार्टफोन असतातच. जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांपैकी जेवढ्या मिळतील तेवढ्यांचे फोन घरी मागून घ्या. फोनचं वायफाय बंद करा आणि या तीन गोष्टी करा:

1. आपण झोपतो-बसतो त्या खोलीत दारं लावून पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल.
2. स्वयंपाकघरात साधा कॉल. समोरच्याला आवाज तुटक येतो का ते विचारा.
3. हेच पुन्हा रात्री आठ-नऊच्या सुमाराला. तेव्हा सगळेच फोनवर असतात आणि दुपारी पळणारं नेट रखडतं.

कंपन्यांच्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे असतात, तेही बघावेत. पण नकाशाला आपल्या घराच्या भिंती माहीत नसतात. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांनी त्याच गाडीने जाणाऱ्या दोघा-तिघांना विचारावं. कसाऱ्याच्या घाटात रेंज तुटतेच. प्रश्न इतकाच की कोणत्या कंपनीची लवकर परत येते.

सावध: घरी चांगलं वायफाय असेल तर कमी रेंजची अडचण बरीच निभते. वायफाय कॉलिंगची सोय असलेल्या फोनवरून साधा कॉलही वायफायवर लागतो. फोन घेताना ती सोय आहे का हे विचारून घ्या.

टप्पा 3: आता फोन

फोनची निवड हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे इथे रिचार्जपुरतंच सांगते. फोन किमान 4जी आणि व्होल्टीईचा (साधा कॉलही 4जीवरून लावणारा) असावा. 5जी फोन असला म्हणजे अमर्याद 5जी नेट मिळतंच असं नाही. कंपन्या ते ठरावीक, बहुधा महागड्या पॅकवरच देतात. आपल्या भागात 5जीची रेंज नसेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

जुना फोन विकत घेत असाल तर \*#06# दाबून 15 आकडी आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) काढा. मग इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो आयएमईआय, असा एसएमएस 14422 वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. बिल घ्याच.

टप्पा 4: सिम बदलायचं की कंपनी बदलायची?

इथे क्रम चुकला तर आठवडाभर अडकायला होतं, म्हणून सावकाश वाचा.

*तीच कंपनी ठेवायची असेल तर* सिम दोन कारणांनी बदलावं लागू शकतं. जुनं सिम मोठ्या आकाराचं असतं आणि स्मार्टफोनला नॅनो सिम लागतं. शिवाय जुनं सिम 2जी-3जीच्या काळातलं असेल तर कापून बसवलं तरी त्यावर 4जी येत नाही. कोपऱ्यावरच्या टपरीत कटरने सिम कापून देतात, ते करू नका. आमच्या शेजारच्या काकांचं कापलेलं सिम एका बाजूने जरा जाड राहिलं आणि ट्रेमध्ये असं रुतलं की ट्रेच वाकली. नवा फोन पहिल्याच दिवशी दुरुस्तीला गेला. गॅलरीत आधार घेऊन जा, नवं नॅनो सिम तिथेच मिळतं.

सावध: सिम बदलल्यावर पहिले 24 तास त्या नंबरवर एसएमएस जातही नाहीत आणि येतही नाहीत. फसवणूक रोखण्यासाठी केलेला हा नियम आहे. म्हणजे दिवसभर बँकेचा ओटीपी येणार नाही. आमच्याकडे एका काकूंनी शनिवारी सकाळी सिम बदललं आणि त्याच संध्याकाळी वीजबिलाची शेवटची तारीख होती. ओटीपी आला नाही तेव्हा फोन बिघडला म्हणून त्या घाबरून माझ्याकडे आल्या. बिल, हप्ता, तिकीट, जे काही असेल ते आदल्या दिवशी उरका.

*कंपनी बदलायची असेल तर* आधी सिम बदलू नका. पोर्ट केल्यावर, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलल्यावर, नव्या कंपनीचं सिम मिळणारच असतं. हरवलेलं किंवा बिघडलेलं सिम बदलून घेतलं की त्यानंतर 7 दिवस पोर्टचा कोड मिळत नाही, हा नियम 1 जुलै 2024 पासून आहे. पोर्टचा क्रम असा:

1. सध्याच्या कंपनीत किमान 90 दिवस झालेले हवेत.
2. सध्याचा रिचार्ज संपायला आठवडा उरला की सुरुवात करा. पोर्ट झाल्यावर उरलेले दिवस आणि बॅलन्स दोन्ही जातात.
3. इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस 1900 वर पाठवा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा एसएमएस जाऊ द्यावा, असा ट्रायचा (मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) आदेश आहे.
4. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. आपल्याकडे तो 4 दिवस चालतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीच्या दुकानात जा.
5. एकाच सर्कलमध्ये (मोबाईल सेवेसाठी देशाचे जे विभाग केले आहेत त्यांपैकी एकात) साधारण 3 कामकाजाचे दिवस लागतात. तोपर्यंत जुनं सिम फोनमध्येच ठेवा. त्याची रेंज गेली की नवं घाला.

मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं. मुलाने मुंबईत काढून दिलेला नंबर इथल्या सर्कलमध्ये पोर्ट करायला दोन-तीन दिवस जास्त धरा.

तपासा: तो कोड म्हणजे आपल्या नंबरची किल्ली आहे. तो दुकानाच्या काउंटरवर स्वतः दाखवा. फोनवरून कुणी मागितला तर देऊ नका.

टप्पा 5: पहिला दिवस वायफायवर काढा

नवा फोन चालू होताच तो स्वतःचं सॉफ्टवेअर आणि आत आलेली ॲप्स अद्ययावत करायला लागतो. यात एक-दोन जीबी सहज जातात. मोबाईल डेटावर हे झालं तर पहिल्याच दुपारी नेट संपतं आणि माणसाला वाटतं, आपल्याला मोठाच पॅक लागणार. घरी वायफाय नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे तासभर बसा.

त्याच वेळी तीन गोष्टी बदला:

- व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा आणि मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभात व्हिडिओ तुम्ही न बघताही नेट खातात.
- प्ले स्टोअरला फक्त वायफायवर ॲप अद्ययावत करायला सांगा.
- यूट्यूबला मोबाईल डेटावर 'डेटा सेव्हर' लावा. वयस्कर माणसाला छोट्या स्क्रीनवर फरक कळतही नाही.

टप्पा 6: पहिला रिचार्ज महिनाभराचाच

दुकानात सांगतील, "ताई, वर्षाचा मारा, स्वस्त पडतो." हिशोब बरोबर असतो, पण तो महिनाभराने करायचा. आज आपला वापर किती, हे आपल्यालाच माहीत नाही आणि घरातली रेंज पावसाळ्यात कशी राहते हेही माहीत नाही. म्हणून पहिला रिचार्ज 28 किंवा 30 दिवसांचा घ्या, रोज 1 किंवा 1.5 जीबीचा, अनलिमिटेड कॉल आणि एसएमएस असलेला. प्रीपेडच घ्या. पोस्टपेडमध्ये जादा वापर बिल आल्यावर कळतो, आणि नवख्या माणसाला तेच महागात पडतं.

सावध: जिओफोन किंवा जिओभारत फोनचे स्वस्त पॅक त्या फोनपुरतेच असतात. ते सिम स्मार्टफोनमध्ये घातलं की तो पॅक चालत नाही, साधा जिओचा पॅक घ्यावा लागतो. जुना पॅक संपत आला की मगच फोन बदला.

टप्पा 7: तीन आठवडे मोजा

फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा युसेज' असतं. दर रविवारी रात्री तो आकडा कागदावर लिहा आणि कोणत्या ॲपने किती खाल्लं तेही बघा. पहिला आठवडा सोडून द्या, त्यात नव्याचे नऊ दिवस असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याची बेरीज करून 14 ने भागा. तो आपला रोजचा खरा वापर.

आत्याचा आकडा मी असाच काढला. रोज 250 एमबी. नातवाशी थोडा व्हिडिओ कॉल, लासलगावचा कांद्याचा भाव, संध्याकाळचं कीर्तन. 28 दिवसांचे 7 जीबी झाले. वर्षभराच्या पॅकमध्ये तिला तेवढ्याच 28 दिवसांत 56 जीबी मिळत होते आणि उरलेले रोज रात्री बारा वाजता संपत होते.

टप्पा 8: आता हिशोब करून निवडा

दर सारखे बदलतात, म्हणून इथे मुद्दाम खरे दर दिलेले नाहीत. खालचे आकडे फक्त रीत समजावी म्हणून आहेत. आजचे दर कंपनीच्या ॲपवर बघा आणि याच रीतीने मांडा.

*पहिला प्रश्न, एका दिवसाला किती?* पॅकची किंमत भागिले दिवस. समजा 28 दिवसांना 300 रुपये, तर दिवसाला 10 रुपये 71 पैसे. 84 दिवसांना 800, तर 9 रुपये 52 पैसे. नुसत्या किमती समोर ठेवल्या तर 300 स्वस्त वाटतात. शिवाय 28 दिवसांचा 'महिना' वर्षात 12 वेळा येत नाही, 13 वेळा येतो. त्या हिशोबाने वर्षाचे 3,900 होतात, 3,600 नाही. दर महिन्याला ठरलेल्या तारखेलाच रिचार्ज करायची सवय असेल तर त्याच तारखेला संपणारा पॅक मागा. प्रत्येक कंपनीने असा किमान एक पॅक ठेवावा, असं ट्रायने 2022 मध्ये सांगितलेलं आहे.

*दुसरा प्रश्न, नेट रोजचं हवं की एकगठ्ठा?* रोज थोडं-थोडं बघणाऱ्याला रोजच्या जीबीचा पॅक बरा. आठवडाभर काही नाही आणि बाजारच्या दिवशी भरपूर, असं असेल तर पूर्ण मुदतीला मिळून काही जीबी देणारा पॅक स्वस्त पडतो. पण त्यात बेरीज करा: 200 रुपयांत 2 जीबी मिळाले आणि लागले 7, तर वरच्या 5 जीबीचे डेटा पॅक धरून तो बहुतेक वेळा रोजच्या पॅकच्या पुढे जातो.

*तिसरा प्रश्न, नेट रिचार्जमधून हवंच का?* घरात फायबर आहे आणि आजी-आजोबा घराबाहेर नेट वापरतच नाहीत, अशी घरं गंगापूर रोड, इंदिरानगर भागात भरपूर आहेत. त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक असतात. ट्रायच्या डिसेंबर 2024 च्या नियमानंतर कंपन्यांनी ते जानेवारी 2025 पासून आणले. ॲपमध्ये ते खाली कुठेतरी असतात आणि दुकानदार आपणहून सांगत नाही, म्हणून नाव घेऊन मागा: "फक्त कॉलिंगचा, नेट नसलेला." बाहेरगावी जाताना वर डेटा पॅक टाकता येतो का, हे त्याच वेळी विचारा.

रोजचं नेट संपल्यावर काय होतं हेही निवडीत धरा. बहुतेक पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगाने 3 एमबीचा एक फोटो यायला सहा मिनिटांहून जास्त लागतात. द्राक्षाच्या पानावरचा रोग दाखवायला सल्लागाराला फोटो पाठवायचा आहे, त्या दिवशी हे फार जाचतं. रोजचा वापर मर्यादेच्या तीन-चतुर्थांशाला पोहोचत असेल तर वरचा पॅक घ्या. निम्म्याच्याही खाली राहत असेल तर खालचा.

तपासा: 84 दिवसांचा किंवा वर्षाचा पॅक घेण्याआधी तीन प्रश्न. महिनाभरात घरात रेंजची तक्रार आली का? वापर दोन आठवडे सारखा राहिला का? पुढच्या सहा महिन्यांत गाव किंवा कंपनी बदलायची आहे का? एकाचंही उत्तर अडखळत आलं तर अजून एकदा 28 दिवसांचाच.

टप्पा 9: रिचार्ज मारताना

दुकानात रक्कम सांगण्याऐवजी पॅक वाचून दाखवायला सांगा: दिवस किती, रोज किती जीबी, कॉल, एसएमएस. 'डेटा पॅक' आणि मूळ पॅक यांत गल्लत होते. डेटा पॅकने मुदत वाढत नाही. मूळ पॅक संपला असेल तर नुसता डेटा पॅक टाकून उपयोग होत नाही. डेटा पॅकची स्वतःची मुदत किती, हेही बघा. काही एकाच दिवसाचे असतात.

पॅकसोबत सिनेमा-मालिकांच्या ॲपची वर्गणी येत असेल तर ती काढून तोच पॅक कितीला पडतो ते बघा. परदेशातला कॉल 'अनलिमिटेड'मध्ये धरलेला नसतो. मुलगी दुबईला असेल तर तिच्याशी व्हॉट्सॲपवरच बोला.

न मागितलेली सेवा सुरू होऊन पैसे कापले गेले तर 155223 वर फोन करून ती बंद करा. रिचार्जची तक्रार 198 वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तो क्रमांक नसेल तर पुढे अपील करता येत नाही.

शेवटी, रिचार्ज संपायच्या दोन दिवस आधीच्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करा आणि त्यात रक्कम लिहा. फोन आठवण करून देतो, पण मुदत संपायच्या वेळी येणाऱ्या एसएमएसच्या गर्दीत 'आजच रिचार्ज करा, नंबर बंद होईल' असे खोट्या लिंकचे एसएमएसही असतात. तारीख भिंतीवर दिसत असली की त्या लिंकवर बोट जात नाही. चुकून गेलंच आणि पैसे कापले गेले, तर लगेच 1930 ला फोन करा.